तहानलेल्या भिंती

ज्योत्स्ना बुरडे जेवायला बसल्या आणि छताचा एक पोपडा बरोबर वरणाच्या वाटीत पडला.

वरण उडून चष्म्यावर आलं. त्यांनी चष्मा पुसला, वाटी मोरीत नेऊन ओतली आणि वर बघत एक सणसणीत शिवी हासडली. जन्मभर मुलांना भूगोल शिकवलेल्या बाईंच्या तोंडी ती शोभत नव्हती. पण घरात ऐकायला कोणी नव्हतं, आणि असतं तरी त्यांनी ती गिळली नसती.

छत जुनं होतं, ते पडणारच, असं म्हणून गप्प बसता आलं असतं तर त्या बसल्या असत्या. पण नागपूरच्या श्रमसाफल्य वसाहतीच्या आठही इमारती तीन वर्षांपूर्वी 'बऱ्या' झाल्या होत्या. मांडव घालून, हारतुरे देऊन तसं जाहीर केलं होतं. जाहीर करणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, त्यांच्या सख्ख्या बहिणीचा मुलगा होता, डॉक्टर तन्मय सातपुते. आईवडिलांच्या बदल्या सतत आडगावी होत, म्हणून हा पोरगा दहाव्या वर्षापासून मावशीच्या याच दोन खोल्यांत वाढला होता. त्याने आपला शोध पहिल्यांदा वापरायला याच इमारती निवडल्या, तेव्हा ज्योत्स्नाबाईंची मान महिनाभर खाली आली नव्हती.

शोध खरोखर मोठा होता. सिमेंट बनवताना इतका कार्बन हवेत जातो की २०४० नंतर सरकारने नव्या बांधकामाला लगामच घातला. जुनी इमारत तपासणीत 'निर्जीव' ठरल्याशिवाय पाडायची नाही, असा कायदा झाला. जुनं काँक्रीट मरतं कसं, तर त्याला केसाएवढ्या भेगा पडतात. त्यांतून हवा-पाणी आतल्या सळयांपर्यंत पोचतं, सळया गंजून फुगतात आणि काँक्रीटला आतून फोडतात. तन्मयने एका जातीचे जिवाणू शोधले होते. भिंतीत बारीक छिद्रं पाडून त्यांचे बीजाणू आणि त्यांचं खाद्य आत भरायचं. बीजाणू म्हणजे झोपलेले जिवाणू, वर्षानुवर्षं खड्यासारखे पडून राहणारे. भेग पडली आणि तिच्यातून ओल आली की ते जागे होतात, खाद्य खातात आणि चुनखडी टाकतात. भेग दगडाने भरून येते. भेगेतला प्राणवायूही तेच खाऊन टाकतात, त्यामुळे गंज थांबतो. काम झालं की पुन्हा झोप. पांढरट द्रवाची पिंपं बघून वसाहतीतल्या बायकांनी पहिल्याच दिवशी त्याला नाव ठेवलं, विरजण.

विरजणाबरोबर आणखी दोन गोष्टी आल्या. घरात उन्हाची धग अडवायला भाताच्या तुसाचे जाड तक्ते, आणि बाहेरून पाणी झटकून टाकणारा रंग. वर सक्त ताकीद, भिंती कोरड्या ठेवा, कूलर काढून टाका. नागपुरात कूलर काढा म्हणणं म्हणजे काय, ते नागपूरकरालाच विचारा. प्रत्येक घराच्या खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर पत्र्याची ती भली मोठी पेटी, तीन बाजूंना खसाच्या ओल्या ताट्या, आत धडधडणारा पंखा, आणि खाली होळीपासून मृगापर्यंत टपटप गळणारं पाणी. ओल म्हणजे भिंतीचा क्षयरोग, असं तन्मयने सभेत सांगितलं. ते सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं. सोसायटीच्या सेक्रेटरी म्हणून ज्योत्स्नाबाई दारोदार फिरल्या, भांडल्या, आणि आठही इमारतींचे कूलर उतरवून भंगारवाल्याला दिले.

एक सोडून. त्यांच्या बरोबर वरच्या घरातले भय्याजी लांजेवार, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांनी दार अर्धं उघडून सांगितलं होतं, "मले तुमच्या तुसाच्या पाट्या नाही पायजेत अन् तो रंगही नाही पायजे. माहा कूलर तिथंच राहीन. कोर्टात जा." रंगाऱ्यांचा दोरावरचा झोपाळा त्या कूलरला अडला. मग मागच्या बाजूला भय्याजींच्या खिडकीपासून थेट जमिनीपर्यंत एक पट्टा रंगाशिवायच राहिला. तीन वर्षं त्या कूलरचं पाणी ज्योत्स्नाबाईंच्या मागच्या गॅलरीत गळत होतं आणि तीन वर्षं दोन घरांत बोलणं बंद होतं.

त्यांनी तन्मयला फोन लावला.

"मावशी, मी तुला सांगणारच होतो," तो म्हणाला. "तपासणीचा निकाल आलाय. आठही इमारती निर्जीव. शनिवारी तुमच्या मैदानावर सुनावणी आहे. तू मनाला लावून घेऊ नको. बुटीबोरीच्या पलीकडे सगळ्यांना नवीन घरं मिळतील."

"आणि तुझं विरजण?"

"इमारती फारच जुन्या होत्या गं. औषध चांगलं आहे, पण पेशंटच गेलेला होता. नव्या बांधकामात ते छान चालेल, एक कंपनी घेतेय."

"पेशंट गेलेला होता, तर मांडव कशाला घातलास?"

मीटिंग आहे म्हणून त्याने फोन ठेवला.

ज्योत्स्नाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा राग कुणावर तरी काढायला हवा होता, आणि वर धडधडणारा कूलर ऐकून तो कुणावर काढायचा ते ठरलं. भिंती ओलीने मेल्या ना? मग ओल कुणी आणली? सुनावणीत भय्याजींचं नाव घ्यायचंच, असं ठरवून त्या लाटणं घेऊन मागच्या गॅलरीत गेल्या. आतून पोकळ झालेली भिंत ठोकली की बद्द वाजते. तो आवाज फोनमध्ये भरून घेऊन अधिकाऱ्यांना ऐकवायचा त्यांचा बेत होता.

गॅलरीच्या डाव्या कोपऱ्यात त्यांनी लाटणं मारलं. बद्द. रंग शाबूत, आत पोकळ. थोडं उजवीकडे, पुन्हा बद्द. मग त्या कूलरच्या पट्ट्याशी आल्या. भिंतीवर पांढरट, खडबडीत ओघळ होते. बोअरच्या पाण्याचे क्षार म्हणून त्यांवरूनही भय्याजींशी एकदा कडाक्याचं भांडण झालं होतं. त्यांनी तिथे लाटणं मारलं.

टण् आवाज आला.

त्या थबकल्या. बाजारात माठ घेताना बोटाने वाजवून बघतो आणि पक्का माठ हाती लागला की येतो, तसा आवाज. त्यांनी खाली, वर, पुन्हा खाली ठोकलं. जिथवर पाणी गळत होतं तिथवर भिंत खणखणीत होती आणि पट्टा संपताच बद्द. पांढऱ्या ओघळावर त्यांनी किल्लीने ओरखडा काढून बघितला. क्षार असते तर भुकटी झाली असती. किल्लीच घसरली. तो दगड होता.

भूगोलाच्या बाई होत्या त्या. पाण्याने चुनखडी कशी साठते, हे त्यांनी फळ्यावर शेकडो वेळा काढलं होतं. पण आता त्यांना तन्मयचे शब्द आठवले. भेग पडली आणि ओल आली की ते जागे होतात. ओल आली की! आणि ओल येऊ नये म्हणून आपण काय काय केलं? वर रंग फासला, पावसाचं पाणीही आत जाऊ दिलं नाही. कूलर काढले. विरजण भिंतीत घातलं आणि दूधच दिलं नाही. जिवाणू मेले नव्हते. तीन वर्षं उपाशी, तहानलेले झोपले होते, आणि सळया मात्र हवेतल्या जेमतेम दमटपणावरही आपल्या गतीने गंजत होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या तन्मयच्या संस्थेत गेल्या. दारावरच्या माणसाने नाव विचारलं तर "त्याची मावशी" एवढंच सांगून आत घुसल्या. प्रयोगशाळेत तन्मय होता. उंच, देखणा, केसांत आत्ताच पांढरं दिसू लागलेला. भिंतीलगत सिमेंटचा हौद होता आणि त्यात काँक्रीटचे ठोकळे ओळीने बुडवून ठेवले होते.

"हे पाण्यात का ठेवलेत?"

"सगळेच ठेवतात, मावशी. काँक्रीटचे नमुने पाण्यातच ठेवून मग तपासायचे, अशी रीतच आहे. जगभर."

"तुझं विरजणही तू यातच तपासलंस?"

त्याने हौदाकडे पाहिलं, मग मावशीकडे, आणि ज्योत्स्नाबाईंना दिसलं की याला माहीत आहे. कुठल्याच आश्चर्याचा मागमूस त्या चेहऱ्यावर नव्हता. चोरून गूळ खाल्ल्यावर याच पोराचा चेहरा असाच व्हायचा.

"कधी कळलं तुला?"

"मागच्या दिवाळीत." तो हळू आवाजात म्हणाला. "तपासणीत तुमच्या इमारतीवर एक हिरवा पट्टा दिसला, म्हणजे तिथली भिंत धड. बाकी सगळं लाल. आधी वाटलं यंत्राची चूक आहे. मग मी स्वतः येऊन बघून गेलो. तू शेगावला गेली होतीस."

"माझ्या घरामागे येऊन बघून गेलास. आणि मग?"

"मग काय? तो पट्टा मापनातली चूक म्हणून वगळला." त्याचा आवाज चढला. "मावशी, तुला समजत नाहीये. ठोकळे हौदात होते, म्हणून पाणी ही अट आहे हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. भिंती कोरड्या ठेवा हे पत्रक माझ्या सहीचं आहे. इमारती म्हाताऱ्या होत्या असं म्हटलं तर विरजण वाचतं, संस्था वाचते, करार होतो. मी चुकलो म्हटलं तर सगळं बुडतं. आणि तुम्हाला नवीन घरं मिळतायत की! चकाचक!"

"आम्ही मागितली होती?"

"पण—"

"गप्प बस!" बाजूच्या टेबलावरची मुलगी उठून बाहेर गेली. "अरे, तू कूलरमध्ये पाणी भरून मोठा झालास. शाळेतून आलास की पहिलं काम तेच होतं तुझं. पाइप लावायचा, टाकी भरायची, आणि तिथेच पुस्तक घेऊन त्या वाऱ्यात झोपायचं. हे कूलर वर्षानुवर्षं भिंती भिजवत आलेत, हे तुला ठाऊक नव्हतं? दुसऱ्या कुणाला नसेल, तुला नव्हतं? चुकलास, त्याचा मला राग नाही. माणूस चुकतो. पण कळल्यावर तू माझ्या पाठीमागे येऊन भिंत बघून गेलास आणि वर मलाच सांगतोस, पेशंट गेलेला होता!"

तन्मयने खुर्ची पुढे केली. त्या बसल्या नाहीत.

"शनिवारी तू स्वतः सांगायचं," त्या म्हणाल्या. "तुझ्या तोंडाने. तेवढी संधी देते, कारण तू माझ्या हातचं जेवलायस. नाही सांगितलंस तर मी सांगेन, आणि मी सांगितलं की ते गोड लागणार नाही."

घरी येऊन त्या सरळ वर गेल्या आणि भय्याजींचं दार वाजवलं. दार अर्धंच उघडलं.

"पुन्हा कूलर?"

"हो. कूलरच. शनिवारपर्यंत तो बंद करू नका. दिवसभर चालवा."

भय्याजी बघतच राहिले. "तब्येत बरी आहे ना, बाई?"

"तुमचं बरोबर होतं आणि माझं चुकलं. पण फार खुशीत येऊ नका. तुम्ही काही विज्ञान ओळखून कूलर ठेवला नव्हता, हेकटपणानं ठेवला होता."

"हे मात्र खरं आहे," म्हणत भय्याजींनी दार पूर्ण उघडलं. "मले दुसऱ्यानं सांगितलेलं करवतच नाही. या, चहा घ्या."

शनिवारी दुपारी मैदानावर मांडव पडला. हाही मांडव, तोही मांडव, असं मनात म्हणत ज्योत्स्नाबाई पहिल्या रांगेत बसल्या. समोर नूतनीकरण प्राधिकरणाचे सुनावणी अधिकारी, शेजारी कंपनीचा गुळगुळीत माणूस आणि तन्मय. बाजूच्या मोठ्या पडद्यावर आठही इमारती लालभडक दिसत होत्या. भिंतीत ध्वनीच्या लहरी सोडून परत येणारा आवाज ऐकणारं ते यंत्र होतं. आवाज स्वच्छ आला तर हिरवा, फुटका आला तर लाल.

तन्मय बोलायला उभा राहिला. त्याने मावशीकडे एकदा पाहिलं. मग कागदाकडे पाहून वाचायला लागला, इमारतींचं वय, सळयांची झीज, उपचाराला न मिळालेला प्रतिसाद. प्रत्येक वाक्यागणिक ज्योत्स्नाबाई वाट बघत होत्या. आता म्हणेल, आता म्हणेल. तो "धन्यवाद" म्हणून खाली बसला.

त्या उठल्या.

"साहेब, मला एक विचारायचंय. सगळ्या तपासणीत एक तरी जागा अशी सापडली का, जी बरी झाली?"

अधिकाऱ्यांनी तन्मयकडे पाहिलं. तो म्हणाला, "एका ठिकाणी मापनात चूक होती. ती वगळली आहे."

"ती चूक माझ्या गॅलरीत आहे," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "यंत्र इथे आहे, भिंत तिथे आहे. पुन्हा लावा."

कंपनीचा माणूस म्हणाला की हे कार्यक्रमात नाही. मागून पाटणे नावाचे एक गृहस्थ ओरडले, "ताई, तुम्हीच तर दारोदार फिरून कूलर काढायला लावले होते! आता का नाटक करून राहिल्या?"

"हो, मीच!" त्या गर्रकन वळल्या. "ऐकलं मी याचं, कारण घरचा पोरगा होता. तुम्ही माझं ऐकलंत. म्हणूनच मी आज उभी आहे, नाहीतर घरी बसून नव्या घराच्या चाव्यांची वाट बघितली असती!"

मांडवात कालवा झाला. तेवढ्या गोंधळात यंत्र चालवणारी रुबिना शेख ही तरुण इंजिनियर अधिकाऱ्यांच्या कानाशी काहीतरी बोलली. त्यांनी मान हलवली. ती यंत्र घेऊन इमारतीमागे गेली. पडद्यावर त्यांची इमारत मोठी झाली, मागची बाजू दिसू लागली, सगळी लाल. मग भय्याजींच्या खिडकीखाली एक ठिपका हिरवा झाला. त्याच्याखाली दुसरा. एकेक करत हिरवा पट्टा तिसऱ्या मजल्यापासून जमिनीपर्यंत उतरला, आणि वर कूलर धडधडत होता.

"इथे काय वेगळं आहे?" अधिकाऱ्यांनी विचारलं.

"पाणी," ज्योत्स्नाबाई म्हणाल्या. "इथे रंग नाही आणि कूलर गळतो. विरजणाला पाणी लागतं. बाकीच्या भिंतींना आम्ही ते मिळू दिलं नाही, कारण तसं लिहून आलं होतं. भिंती मेलेल्या नाहीत, साहेब. तहानलेल्या आहेत."

अधिकारी तन्मयकडे वळले. "डॉक्टर सातपुते, हे तुम्हाला माहीत होतं?"

तन्मयने मावशीकडे पाहिलं. लहानपणी कुणाची काच फोडून आला की तो असाच बघायचा, आणि दर वेळी त्या पुढे होऊन सांभाळून घ्यायच्या. आज त्या तशाच उभ्या राहिल्या. त्यांनी नजर वळवली नाही आणि तोंडही उघडलं नाही.

"होतं," तो म्हणाला.

पाडकाम वर्षभरासाठी थांबलं. सगळ्या इमारती वाचतीलच असं कुणी सांगितलं नाही. काही खांब फार पुढे गेले होते, त्यांना लोखंडी आधार द्यावे लागले. पण दुसऱ्याच आठवड्यापासून वसाहतीत रंग खरवडायचं काम सुरू झालं. खुरपी, स्वयंपाकाचे सराटे, मोडके चमचे, ज्याच्या हाती जे येईल ते. ज्यांनी कूलर भंगारात दिले होते ते भंगारवाल्याशी भांडून मिळतील ते जुने कूलर घेऊन आले. भय्याजी खाली खुर्ची टाकून सगळ्यांना हुकूम सोडत होते. त्यांचं कुणी ऐकत नव्हतं आणि त्यांना त्याचं काही वाटतही नव्हतं.

तन्मयचं संस्थेतलं पद गेलं. करार मोडला. बहिणीचा फोन आला, "तू सख्खी मावशी ना त्याची?" ज्योत्स्नाबाईंनी "हो" म्हटलं आणि फोन ठेवला.

एप्रिलच्या एका दुपारी तो आला. दारात उभा राहिला, चपला काढल्या, पण आत पाऊल टाकलं नाही. तो बराच वाळला होता.

"मावशी, मी..."

"जेवलास?"

"नाही."

त्या आत गेल्या, ताट वाढलं, समोर ठेवलं. गोळाभात, कढी, वर तेल. तो खाली मान घालून जेवला. त्याला वाटलं असेल, झालं, मावशीचा राग आहे, किती दिवस टिकणार? ताट धुऊन तो हात पुसत उभा राहिला तेव्हा त्यांनी मोरीच्या नळाला लावलेला पाइप उचलून त्याच्या हातात दिला.

"कूलरची टाकी भर."

तो मागच्या गॅलरीत गेला. खिडकीत मोडक्या पत्र्याचा जुना कूलर पुन्हा बसवलेला होता. त्याने पाइप आत सोडला. टाकी भरली, काठावरून पाणी सांडलं आणि खरवडलेल्या उघड्या भिंतीवर पसरत खाली गेलं. भिंतीने ते घोटाघोटाने आत ओढून घेतलं. भिंतीवर, कोपऱ्यात, केसाएवढ्या भेगेच्या तोंडाशी पांढरं काहीतरी जमू लागलं होतं. तन्मय वाकून बघत राहिला.

"मावशी, भरतेय गं ही. खरंच भरतेय."

"दिसतंय मला," ज्योत्स्नाबाई आतून म्हणाल्या. "नळ बंद कर, पाइप गुंडाळून खुंटीला लाव, आणि जा."

त्याने पाइप नीट गुंडाळला, पूर्वी गुंडाळायचा तसाच, आणि गेला. तो जिना उतरल्याचा आवाज थांबेपर्यंत त्या दाराकडे पाठ करून उभ्या होत्या. मग त्यांनी कूलरचं बटण दाबलं.